मावेजा आणि पगार

आमच्या बीड जिल्ह्यात जमिनीच्या भरपाईला मावेजा म्हणतात आणि निराधार योजनेच्या अनुदानाला पगार. मावेजा हा निजामाच्या काळापासून महसुली कागदांत मुरलेला शब्द. पगार हा शब्द मात्र गावातल्या म्हाताऱ्या बायांनी स्वतः ठरवलेला. अनुदान म्हटलं की कुणाच्या तरी मेहेरबानीचा वास येतो, पगार म्हटलं की जन्मभर राबल्याचं काहीतरी हाती आल्यासारखं वाटतं. तलाठी म्हणून तीस वर्षं मी हे दोन्ही शब्द ऐकत आलो. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच.) एकाच माणसाच्या नावापुढं हे दोन्ही शब्द आले तर काय करायचं, हा प्रश्न २०१६ साली माझ्या टेबलावर आला आणि मी तो पाच मिनिटांत निकाली काढला. त्या पाच मिनिटांबद्दल मला लिहायचं आहे.

सोलापूर–धुळे महामार्गाचं चौपदरीकरण तेव्हा जोरात होतं. चौसाळ्यापासून मांजरसुंब्याचा घाट, बीड, गेवराई असा तो रस्ता जिल्हा उभा चिरत जातो. माझ्या तलाठी सज्जातल्या दोन गावांचं शिवारही त्यात गेलं. बालाघाटाच्या कुशीतली मुरमाड, हलकी जमीन. पाऊस झाला तर बाजरी, तूर, थोडा कापूस. नाही झाला तर बैलापुरता कडबासुद्धा नाही. असली जमीन गरजेला विकायला काढली तर गिऱ्हाईक सापडायचं नाही. पण २०१३ चा भूसंपादन कायदा आला, १ जानेवारी २०१५ पासून त्यातली भरपाईची पद्धत महामार्गांच्या संपादनालाही लागू झाली, आणि ग्रामीण भागात बाजारमूल्याला गुणांक, त्यावर तितकीच दिलासा रक्कम असं करत रक्कम मूळ भावाच्या चौपटीपर्यंत जाऊ लागली. १८९४ च्या जुन्या कायद्यात दिलासा होता तीस टक्के. माजलगाव धरणात ज्यांच्या वडिलांची जमीन गेली होती अशी माणसं त्या काळात मला भेटायची आणि नव्या निवाड्यातले आकडे पुन्हापुन्हा विचारायची. सांगितलं की गप्प बसायची.

संयुक्त मोजणी झाली, हरकती झाल्या, निवाडा आला आणि मग वारसांचं सुरू झालं. वीस वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले चुलतभाऊ एकाच मोटारसायकलवर बसून माझ्याकडं येऊ लागले, कारण सातबारा सामायिक होता. सासरी गेलेल्या बहिणींना हक्कसोड पत्रावर सही करण्यासाठी साड्या घेऊन आणलं जाऊ लागलं. काहींनी सही केली, काहींनी केली नाही; ज्यांनी केली नाही त्यांना माहेर तुटलं. हे मी जवळून पाहिलं आहे आणि पैशाविषयी कुणी सोपं बोललं की मला त्या बहिणी आठवतात.

पैसा खात्यावर आला तशी गाड्यांच्या शोरूमची पोरं पत्रकं घेऊन पारावर आली. एका गावात वर्षभरात तीन जेसीबी आले, दोन हायवा (टिपर) आल्या. रस्त्याच्याच कामावर भाड्यानं लावायचे, असा हिशेब. रस्ता झाला, काम संपलं, मशीन दारात उभी राहिली आणि हप्ते चालू राहिले. शहरातली माणसं या गोष्टी सांगून शेतकऱ्याला उधळ्या ठरवतात. मला ते कधीच पटलं नाही. ज्याचं शेत गेलं त्याचं रोजचं कामही गेलं. हाताला दुसरं काम पाहिजे म्हणून त्यानं पैसा घातला, आणि घातला तो डोळ्यांसमोर जो धंदा दिसत होता त्यात. कुणी सोसायटीचं थकलेलं कर्ज फेडलं, कुणी पोरीचं लग्न केलं, कुणी कुडाच्या जागी स्लॅबचं घर बांधलं. कुणी दुसरीकडं जमीन शोधायला गेला, तर मावेज्याचा पैसा आला म्हटल्यावर आजूबाजूच्या जमिनीचे भावही चढलेले. दोन एकर देऊन एक एकर घेणारे बरेच निघाले.

अशातच एक तक्रारी अर्ज आला. अमुक महिलेच्या नावावर लाखो रुपये जमा झालेले असताना ती श्रावणबाळ योजनेचा लाभ घेत आहे, शासनाची फसवणूक होत आहे, चौकशी व्हावी. खाली सही. अर्जदार तिच्या भावकीतलाच.

योजना ठाऊक नसलेल्या वाचकासाठी थोडं सांगतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. पासष्टच्या पुढच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना नंतर आली. दोन्हींत सर्वसाधारणपणे दारिद्र्यरेषेच्या यादीबाहेरच्या माणसाला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे महिन्याला १,७५०. हा दाखला तहसीलदार देतात, पण तो उभा राहतो तलाठ्याच्या अहवालावर. माझ्या पेनातून २० हजार निघाले तर म्हातारी पात्र, २२ हजार निघाले तर अपात्र. त्या काळी पगार होता महिना ६०० रुपये. २०१९ साली तो हजार झाला, जुलै २०२३ पासून दीड हजार.

माझ्यासमोर निवाड्याची यादी होती. तीत त्या महिलेचं, म्हणजे मावशीचं, नाव होतं, दोन मुलांच्या नावांसोबत, आणि तिच्या वाट्याचे अकरा लाखांवर रुपये तिच्याच खात्यात गेल्याची नोंद होती. मी लिहिलं, "सदर लाभार्थीस भूसंपादनाचा मावेजा प्राप्त झालेला असून आर्थिक परिस्थिती सक्षम आहे." खाली सही, शिक्का. त्यात खोटं काही नव्हतं. मी मावशीच्या घरी गेलो नव्हतो. घर ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर होतं.

योजनेच्या समितीच्या बैठकीत नाव वगळलं गेलं.

पाच-सहा महिन्यांनी मावशी ऑफिसात आली. उन्हातून चालत आलेली. पदराच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. दाराजवळच बसली. मी काम संपवून तिच्याकडं वळलो तोवर अर्धा तास झाला असेल.

"भाऊसायब, माझा पगार कामून बंद पडला?"

मी समजावून सांगितलं. मावेजा मिळाला, अकरा लाख मिळाले, आता नियमात बसत नाही. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पैसे माझ्या नावानं आले व्हते. माझ्याकडं नव्हते आले."

पासबुक मी उघडलं. अकरा लाखांची जमा होती आणि चौथ्या दिवशी तेवढ्याच पैशाची उचल होती. पुढं शंभर-दोनशेची शिल्लक. थोरल्या मुलानं बँकेत नेलं होतं, फॉर्म त्यानं भरला, अंगठा तिनं दिला. "लेकरानं म्हटलं, आई, इथं दाब. दाबला." अर्धे पैसे थोरल्याच्या हायवात गेले, अर्धे धाकट्याच्या घरात. धाकट्याचं घर मी नंतर पाहिलं. पुढं चकाकती फरशी, रंगवलेलं फाटक. मागच्या बाजूला जुन्या गोठ्याला पत्रे टाकून केलेली खोली, तिथं मावशी. एक बाज, एक पितळी तांब्या, दोरीवर दोन लुगडी, कोनाड्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी. पट्टी रिकामी असून तिनं का ठेवली असं विचारलं, तर म्हणाली, दुकानदाराला दाखवायला, म्हणजे नाव सांगता येतं.

मुलं दुष्ट होती असं मी म्हणणार नाही. जेवायला मिळत होतं. सुना वाईट बोलत नव्हत्या. पण गोळ्या कुणी आणायच्या यावर दोन घरांत रोज टोलवाटोलव होती, आणि ज्या दिवशी पगार बंद झाला त्या दिवसापासून मावशीला दहा रुपये मागावे लागत होते. आधी तिला मागावं लागत नव्हतं. सहाशेतून ती गोळ्या आणायची, चहापत्ती आणायची, मिसरी आणायची, यात्रेला नातवाच्या हातावर वीस रुपये ठेवायची. नातवाच्या हातावर पैसे ठेवणारी आजी आणि सुनेकडं पैसे मागणारी सासू, या दोघी एकाच घरात वेगवेगळ्या जागी बसतात. माझ्या एका ओळीनं मावशीची जागा बदलली होती.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. अकरा लाख तिच्या अंगठ्यानं आले आणि चार दिवसांत तिच्याच अंगठ्यानं गेले. सहाशे रुपये मात्र वर्षानुवर्षं तिच्याकडंच राहिले, कारण सहाशेवर कुणाचा डोळा नव्हता. मोठा पाऊस आला की बांध फोडून पाणी ओढ्याला जातं. ठिबकचं पाणी मुळाशी राहतं. आमच्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पैसा अचानक हाती आलेल्या माणसाला सरकारनं मदत द्यावी की नाही, यावर दुसरीकडंही डोकेफोड झाली आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात २०१० साली एकाला वीस लाख डॉलरची लॉटरी लागली आणि तरी तो सरकारी अन्नमदतीचं कार्ड वापरत राहिला. नियम फक्त चालू उत्पन्न विचारत होता, एकरकमी पैशाचा रकानाच नव्हता. पुढच्या वर्षी बोभाटा झाला आणि २०१४ च्या तिथल्या केंद्रीय शेती कायद्यात मोठी लॉटरी लागलेल्यांची ही मदत थांबवण्याची तरतूद झाली. ब्रिटनमध्ये शिल्लक सहा हजार पौंडांपर्यंत असेल तर मदतीला धक्का लागत नाही, त्यापुढं ती कमी होत जाते आणि सोळा हजारांच्या वर बंद. पायऱ्या आहेत, एकदम कडा नाही. मला ही पायऱ्यांची रीत बरी वाटते. आपल्याकडं २१,००० चा एकच उंबरठा; अलीकडं पात्र, पलीकडं अपात्र.

पण मावेजा म्हणजे लॉटरी नव्हे, हे मी आता ठामपणे म्हणतो. लॉटरी लागलेल्याचं घरदार, काम तसंच असतं, वर पैसा येतो. मावेज्यात आधी जमीन जाते आणि मग तिच्या जागी पैसा येतो. ते त्या शेताचं शेवटचं पीक असतं. मावशीकडं तीच जमीन आदल्या वर्षी होती तेव्हा मी तिचं उत्पन्न अठरा हजार लिहिलं होतं, आणि ते बरोबर होतं, कारण त्या जमिनीत तेवढंच पिकत होतं. जमिनीचा पैसा झाल्यावर तीच बाई एका रात्रीत 'सक्षम' झाली. सरकारनं स्वतः हा पैसा उत्पन्न मानलेला नाही. २०१३ च्या कायद्याचं कलम ९६ त्याला प्राप्तिकरातून वगळतं. म्हणजे आयकरवाल्यांच्या लेखी जे उत्पन्न नव्हतं ते मी निराधारच्या फायलीत उत्पन्न धरलं. आमच्या उत्पन्नाच्या नमुन्यात शेती, नोकरी, व्यवसाय, मजुरी असे रकाने असतात. मावेज्याचा रकाना मला तीस वर्षांत दिसला नाही. रकाना नसला की तलाठी अंदाजानं लिहितो, आणि अंदाज नेहमी ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूनं झुकतो.

हिशेब करून बघा. मावशीनं ते अकरा लाख स्वतःच्या नावावर ठेवले असते आणि सहा टक्क्यांनी व्याज आलं असतं, तर वर्षाला ६६ हजार. तेव्हा पगार बंद करायला माझी काहीच हरकत नसती, तिचीही नसती. २१ हजार व्याज यायला साडेतीन लाखांची ठेव पुरते. म्हणजे पैसा जपून ठेवणारी विधवा अपात्र, आणि सगळा पैसा मुलाच्या गाडीत घालून बसलेलं कुटुंब पुन्हा कागदावर गरीब. जपणाऱ्याला दंड करणारा नियम गावाला फार लवकर कळतो.

आणि जपून तरी कुठं ठेवायचा? गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या जिल्ह्यानं मल्टिस्टेट पतसंस्था बुडताना पाहिल्या. मावेज्याचे, निवृत्तीचे, ऊसतोडीतून साठवलेले पैसे चार टक्के जास्त व्याजाच्या आशेनं लोकांनी तिथं ठेवले होते. माझ्या ओळखीतल्या एका आप्पांनी रेल्वेत गेलेल्या जमिनीचे नऊ लाख ठेवले. त्यांनी जेसीबी घेतला नाही, लग्नात बँडवर उधळले नाहीत, सगळं शहाण्या माणसासारखं केलं. आज त्यांच्याकडं ठेवीची पावती आहे, प्लास्टिकमध्ये मढवलेली. कागदावर ते नऊ लाखांचे धनी. दुकानदार उधारीची वही मिटून घेतो.

रेल्वेचं नाव निघालं म्हणून सांगतो. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. माझी नोकरी लागायच्या सुमाराची गोष्ट. आष्टीपर्यंत गाडी धावली २३ सप्टेंबर २०२२ ला आणि बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. त्या दिवशी मीही स्टेशनवर गेलो होतो. गर्दीत एक म्हातारा नातवाला सांगत होता की इथून तिसऱ्या खांबापाशी आपली विहीर होती. एवढ्या वर्षांत या मार्गासाठी टप्प्याटप्प्यानं जमिनी गेल्या, वेगवेगळ्या कायद्यांखाली, वेगवेगळ्या दरांनी. एकाच रुळाच्या दोन बाजूंना एक घर मावेज्यानं उभं राहिलेलं आणि एक मोडलेलं, असं मी दाखवू शकतो.

दुसरी बाजूही मला तितकीच कळकळीनं सांगायची आहे, कारण मावशीची गोष्ट ऐकून लोक म्हणतात की मग कुणाचाच पगार बंद करू नये. तसं नाही. त्याच रस्त्यावर एका गृहस्थांची जमीन फाट्याला लागून होती. थोडी गेली, उरलेली रस्त्याकडेला आली. मावेज्यातून त्यांनी गाळे काढले. हॉटेल, पंक्चरचं दुकान, खतांचं दुकान. भाडं दर महिन्याला त्यांच्याच हातात येत होतं. पगारही चालू होता. मी घरी गेलो, त्यांच्या ओट्यावर बसलो, चहा घेतला आणि त्यांना सांगितलं की मी बंद करण्याचा अहवाल देणार. ते म्हणाले, "सरकारचेच पैसे आहेत, तुमच्या खिशातून जातात का?" मी त्यांना तांड्यावरच्या एका बाईबद्दल सांगितलं. नवरा ऊसतोडीला गेलेला असताना ट्रॉलीखाली सापडून गेला, दोन लेकरं, गुंठाभर जमीन नाही, आणि तिचा अर्ज एका कागदापायी दोन बैठकांतून मागं आलेला. त्या बाईसाठी जी तिजोरी आहे तीच यांची. त्यांनी पुढं तीन वर्षं मला रामराम केला नाही. माझा अहवाल मात्र बरोबर होता, याबद्दल मला आजही शंका नाही.

मग मावशी आणि हे गृहस्थ, या दोघांत फरक काय? दोघांच्या नावावर मावेजा आला. रकमाही फार दूरच्या नव्हत्या. फरक एवढाच की एकाकडं पैसा थांबला आणि त्यातून दर महिन्याला नवा येऊ लागला; दुसरीकडून तो नुसता निघून गेला. यादीत ते दिसत नाही. ओट्यावर बसल्यावर दिसतं.

ऊसतोडीचं उदाहरण आमच्या जिल्ह्यात कुणालाही पटतं. पावसाळ्याच्या तोंडापासून दसऱ्यापर्यंत मुकादम कोयत्याला उचल देतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लाख, दीड लाख एकरकमी हातात पडतात. गावात कुणी बघितलं तर म्हणेल, काय पैसा आला! एकदा अशाच एका जोडप्याचं रेशन बंद करा म्हणून अर्ज आला होता. अर्जदारानं स्वतःच्या डोळ्यांनी नोटा मोजताना पाहिल्या होत्या. त्या नोटा म्हणजे पुढच्या सहा महिन्यांचा घाम आधीच विकल्याची किंमत. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर बाकी. हातात पैसा दिसणं आणि माणूस सावरलेला असणं यांत किती अंतर आहे हे या जिल्ह्यात तरी अर्जावर शेरा मारणाऱ्याला माहीत असायला हवं. मला माहीत होतं. ऊसतोडवाल्याच्या बाबतीत मी तो अर्ज फेटाळला. मावशीच्या बाबतीत मात्र मी यादीवर विश्वास ठेवला, कारण यादी छापील होती.

आता मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. जुलै २०२४ पासून महिना दीड हजार, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर अपात्र. माझ्या जागी आलेला तरुण मुलगा अधूनमधून फोन करतो. "भाऊसाहेब, मावेज्यातून घेतलेली जीप आहे, हप्त्यावर, नवरा बीडपर्यंत वडाप करतो. काय समजू?" मी त्याला एकच विचारतो, घरी गेला होतास का. नियम बदलणं आमच्या हातात नाही. पण नियमाच्या अलीकडं जी चौकशी असते ती पूर्णपणे आमच्या हातात असते, आणि ती चालत जाऊन करता येते.

नियम माझ्या हातात असता तर मी अशा फायलींवर 'रद्द' असा शेरा चालू दिला नसता. 'स्थगित' लिहिलं असतं, एक वर्षानं घरी जाऊन पुन्हा बघितलं असतं, आणि बघताना कुटुंबाच्या नावावर काय आलं यापेक्षा या माणसाच्या ताब्यात आज काय उरलं हे विचारलं असतं. शिवाय मावेज्याचा सगळाच पैसा एकदम हातात का द्यावा? २०१३ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नोकरी किंवा पाच लाख एकरकमी किंवा वीस वर्षं महिना किमान दोन हजार, महागाईप्रमाणं वाढत जाणारे, असा पर्याय लिहिलेला आहे. माझ्या सज्जात असे महिन्याचे पैसे घेणारं एकही घर मी पाहिलं नाही, आणि असा पर्याय आहे हे कुणाला नीट समजावून सांगितलेलंही पाहिलं नाही. म्हाताऱ्या बाईच्या वाट्याची भरपाई दर महिन्याला तिच्या खात्यात पडत राहिली असती तर तिला निराधारच्या पगाराची गरजही कदाचित उरली नसती. लेकांनाही आईच्या खोलीचा रस्ता दर महिन्याला आठवला असता.

मावशीचा अर्ज मी पुन्हा केला. माझ्या आधीच्या अहवालाविरुद्ध मलाच अहवाल द्यावा लागला. घराचा पंचनामा, पासबुकाची प्रत, मुलांचे जबाब. थोरला जबाबाला आला तेव्हा मान खाली घालून बसला होता. हायवा तोवर फायनान्सवाल्यांनी ओढून नेली होती. त्यानं लिहून दिलं की आईचे पैसे मी घेतले. सही करताना त्याचा हात थांबला, मग झाली. वरच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं की आधी सक्षम लिहिलं, आता निराधार लिहिता, खरं कोणतं. मी म्हणालो, पहिलं कागदावरून लिहिलं होतं, हे घर बघून लिहिलं आहे. मंजुरीला चौदा महिने लागले.

ज्या महिन्यात पहिला पैसा पडला त्या महिन्यात मी स्वतः तिच्याबरोबर बँकेत गेलो. पासबुक मशीनमधून निघालं. मी नवी ओळ बोटानं दाखवली आणि वाचली, "सहाशे." ती म्हणाली, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. मग तिनं अंगठ्याला शाई लावून घेतली, काउंटरवरच्या बाईंकडून पाचशे मोजून घेतले, पदरात बांधले आणि शंभर खात्यावर राहू द्या म्हणाली. बाईंनी विचारलं, मावशी, एवढेच का ठेवता?

"पुन्यांदा बंद पडला तर तालुक्याला जायला गाडीभाडं लागंन," ती म्हणाली, आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालू लागली.